ॲस्पिरिन चालू आहे ना, मग झालं!

ईसीजीच्या पट्टीवर प्रत्येक उंच टोकाआधी एक छोटा उंचवटा दिसतो. ॲट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे एएफमध्ये, तो गायब होतो आणि टोकांमधलं अंतरही कमीजास्त होत राहतं. अशी पट्टी पाहून डॉक्टर गुठळी रोखणारी गोळी लिहून देतात, आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "अण्णांची ॲस्पिरिन चालू आहे की! तीही रक्त पातळ करायचीच गोळी. आता ही जहाल गोळी आणखी कशाला?"

हा गैरसमज काही केल्या जात नाही. शिकल्यासवरल्या घरांतही तो ठाण मांडून बसलेला असतो.

आधी गुठळी होते कुठे ते पाहू. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला बोटाएवढी एक पिशवी असते. रक्त तिथे रेंगाळतं आणि गोठतं. झडपांचा आजार नसेल, तर एएफमधल्या हृदयातल्या सुमारे 90 टक्के गुठळ्या या पिशवीतच सापडतात. तिथून सुटलेली गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने 1991 मध्ये दाखवलं, की एएफमुळे हा धोका जवळपास पाचपट होतो.

ॲस्पिरिन प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. धमनीतला चरबीचा थर फुटून होणाऱ्या गुठळीवर ती कामाची. साचलेल्या रक्तातली गुठळी मात्र मुख्यतः फायब्रिनच्या जाळ्याने बनते. ते जाळं विणणाऱ्या घटकांना अडवतात वॉरफरिन, ॲसिनोकुमरॉल किंवा अपिक्साबॅनसारखी औषधं.

"असेल, पण म्हातारपणी ॲस्पिरिनच सौम्य आणि सुरक्षित!" याचंही उत्तर केव्हाच मिळालंय. 2007 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'बाफ्टा' चाचणीत एएफ असलेले, पंच्याहत्तरी गाठलेले 973 जण होते. निम्म्यांना वॉरफरिन, निम्म्यांना आपल्याकडे घरोघरी असते तीच 75 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन. पक्षाघात, मेंदूतला रक्तस्राव किंवा इतरत्र अडकलेली गुठळी अशा घटना वॉरफरिन गटात 24 झाल्या आणि ॲस्पिरिन गटात बरोबर दुप्पट, 48. मोठ्या रक्तस्रावातही ॲस्पिरिन सरस ठरली नाही.

वॉरफरिन चालत नाही अशा रुग्णांसाठी 2011 ची 'ॲव्हेरोज' चाचणी झाली. पक्षाघात आणि इतरत्र अडकणाऱ्या गुठळ्यांचं प्रमाण ॲस्पिरिनवर वर्षाला 3.7 टक्के, अपिक्साबॅनवर 1.6 टक्के. मोठ्या रक्तस्रावात दखल घ्यावी असा फरक नाही. तफावत इतकी उघड होती, की चाचणी मुदतीआधीच थांबवली. आता आणखी किती पुरावा हवा?

अर्थात, स्टेंट घातलेल्या काहींना काही काळ दोन्ही गोळ्या लागतात. कुठली कधी बंद करायची ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"ठोके नियमित झाले, आता गोळी बंद." 2002 च्या 'ॲफर्म' चाचणीत बहुतेक पक्षाघात वॉरफरिन थांबवलेल्यांना किंवा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) कमी असलेल्यांनाच झाले.

"आजी पडतात, त्यांना नकोच." 1999 मधल्या एका हिशेबानुसार वॉरफरिनच्या फायद्यापेक्षा पडून मेंदूभोवती रक्तस्राव होण्याचा धोका वरचढ ठरायला वर्षात सुमारे 295 वेळा पडावं लागेल!

"पालक-मेथी वर्ज्य." वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण साधारण सारखं ठेवावं, एवढंच. अपिक्साबॅनला तर पालेभाजीशी देणंघेणंच नाही.

"अपिक्साबॅनसारखी नवी गोळी सगळ्यांनाच चांगली." संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्यांना नाही. भारतासह 24 देशांत झालेल्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत (2022) झडपांच्या अशा आजारासह एएफ असलेले साडेचार हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि नव्या रिव्हारॉक्साबॅनपेक्षा वॉरफरिनच्या जुन्या कुळातल्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. त्यामुळे आयएनआरच्या तपासण्यांना कंटाळून अशा रुग्णांनी परस्पर गोळी बदलू नये.