निघून गेलेले पालक

मागच्या वेळी एकांनी विचारलं होतं, जिल्हा परिषदेच्या शाळेवरचा लोकांचा विश्वास का उडाला? शिकवणं घसरलं म्हणून, असं आपण पटकन म्हणतो. मला ते अर्धंच उत्तर वाटतं.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली मांडलं, की संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात : निघून जायचं, नाहीतर आवाज उठवायचा. शाळेत मेख अशी, की शिकवण्याकडे बारीक लक्ष असलेले पालकच आधी निघून जातात. ग्रामसेवकाची, दुकानदाराची, खुद्द गुरुजींची मुलं स्कूलबसने तालुक्याला. (माझी नातवंडंही खासगी शाळेतच आहेत, हे कबूल करून टाकतो.) शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक नेमले खरे, पण बैठकीला येते शेतमजूर बाई. तिचा रोज बुडतो. ती सही करते आणि जाते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली, तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव जागांतून सूट. म्हणजे गरिबाने जवळच्या शाळेतच जावं. पैसेवाल्याची वाट मात्र मोकळीच! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, जुलैत बदल रद्द झाला. योग्यच झालं. पण त्या एक किलोमीटरमधल्या शाळेचं काय, हे त्या सगळ्या वादात फारसं कुणी विचारलं नाही.