उत्तर का पोहोचत नसे?



बँकेतील आवक-जावक नोंदवहीवर आम्ही बरीच वर्षे काढली. पत्राला उत्तर आले नाही की पाठविणारा धरून चालतो, समोरच्याने मनावर घेतले नाही. प्रत्यक्षात पुष्कळदा उत्तर लिहिलेले असते, ते वाटेत अडकलेले असते. ई-मेलच्या सुरुवातीच्या काळात असे वरचेवर होई, आणि दोष बहुधा पत्त्याचा असे.

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या जाळ्यावरून एका संगणकावरचे पत्र दुसऱ्या संगणकावर धाडले. माणूस आणि संगणक यांच्या नावांमध्ये त्यांनी @ हे चिन्ह घातले. बिलात दर लिहिताना आपण वापरतो तेच हे चिन्ह.

पण अर्पानेट मोजक्याच संस्थांना मिळे. इतरांनी बेल लॅबोरेटरीजमधील माइक लेस्क यांची यूयूसीपी ही पद्धत घेतली. तीत संगणक साध्या टेलिफोनवरून, बहुधा रात्री दर स्वस्त असताना, एकमेकांना फोन लावीत व साठलेली पत्रे पुढे सरकवीत. इथे पत्ता म्हणजे खरे तर वाट होती. समजा, या संगणकांना आपल्या स्टेशनांची नावे आहेत. दादरहून कसाऱ्याच्या सुनीलला लिहायचे तर पत्ता होई 'ठाणे!कल्याण!कसारा!सुनील'. ठाण्याने आपले नाव गाळून उरलेला पत्ता कल्याणकडे द्यायचा, कल्याणने कसाऱ्याकडे. पाठविणाऱ्याच्या नावामागे प्रत्येक संगणक आपले नाव जोडीत जाई, म्हणून परतीची वाटही आपोआप तयार होई.

मग अडचण कुठे? समजा, दादरहून त्याच पत्राची प्रत 'पनवेल!रमा' या पत्त्यावरही गेली आहे. सुनीलने दोघांना उत्तर द्यायचे ठरविले. पण 'पनवेल!रमा' ही वाट दादरपासूनची! कसाऱ्याचा संगणक पनवेलला फोन लावीतच नाही. पत्र परत येई, किंवा पनवेल नावाच्या दुसऱ्याच संगणकावर जाई, कारण एकाच नावाचे दोन संगणक असणे अशक्य नव्हते. इकडे रमाबाई म्हणणार, सुनीलने आपल्याला वगळले.

दोन्ही पद्धती एकत्र आल्या तेव्हा आणखी घोळ झाला. 'ठाणे!रमा@कसारा' हे पत्र आधी कुठे न्यायचे? @ मानणारे म्हणत कसाऱ्याला, ! मानणारे म्हणत ठाण्याला. ब्रिटनच्या विद्यापीठांच्या जाळ्यात तर पत्ता उलटा, देशाचे नाव आधी. तिथल्या संगणकशास्त्र विभागाची शेवटची अक्षरे 'सीएस', आणि चेकोस्लोवाकियाची खूणही 'सीएस'. आम्हाला तर यात दोन शाखांची नावे सारखी निघाल्यावर ड्राफ्टची होते तीच गत दिसते.

१९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखलेल्या डोमेन नावांच्या पद्धतीने ही गाठ सुटू लागली. पत्ता कुठूनही लिहा, तोच राहतो. वाट शोधणे हे यंत्राचे काम. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा आपल्याला हे तयार पत्तेच मिळाले.

एक गोष्ट मात्र जुन्या काळापासून टिकून आहे. पत्रावर 'कोणाकडून' यासोबत 'उत्तर कोणाला' हा वेगळा रकाना असू शकतो, आणि 'रिप्लाय' दाबले की पत्र त्या दुसऱ्या पत्त्यावर जाते. लबाड लोक याचाच फायदा घेतात. वर नाव ओळखीचे, उत्तर जाते भलत्याकडे. खात्याविषयी विचारणा करणाऱ्या पत्राला उत्तर देण्यापूर्वी 'प्रति' या रकान्यात कोणता पत्ता आला आहे तो अक्षर न् अक्षर वाचावा, आणि शंका आली तर पासबुक घेऊन सरळ शाखेत यावे.