जुनी गाडी घ्यायची, तर चालवावीशी वाटेल अशी घ्या

घरात गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "माणसं किती बसतील?" दुसरा, "ॲव्हरेज काय देते?" आणि तिसरा, "विकताना किती येतील?" गाडी चालवायला कशी आहे, असे विचारले तर वडीलधारी मंडळी अशा नजरेने बघतात, जणू आपण शर्यतीत उतरणार आहोत. आम्हाला मात्र वाटते, रोजच्या गाडीबाबत हाच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. आमची शाळा घरापासून बावीस किलोमीटरवर. वाटेत चढ, वळणे, बाजारपेठ, आणि वर्षातले चार महिने कोकणातला पाऊस. हा रस्ता दिवसातून दोनदा कापायचा तर गाडीशी आपले जमायला हवे.

याला आम्ही चैन समजत नाही. क्लच जड, स्टिअरिंग ढिले, पुढचे नीट दिसत नाही, अशी गाडी घरातला एकच माणूस चालवतो. मग अम्मीचा दवाखाना, मुलीचा क्लास, बाजारहाट, सगळे त्याच्या सवडीवर. आमच्या ओळखीच्या एका घरात मोठी डिझेल गाडी अंगणात उभी असायची. सूनबाईंकडे लायसन होते, पण गाडी गेटातून बाहेर काढायची म्हटले की त्यांच्या पोटात गोळा यायचा. ती विकून लहान पेट्रोल गाडी आली आणि महिनाभरात त्या सासूबाईंना घेऊन चिपळूणला एकट्याने जाऊन येऊ लागल्या.

आता पैशांचे. आपल्यापैकी बरीच कुटुंबे व्याजाचे कर्ज टाळतात. थोडी बचत, थोडे सोने, आखातातल्या भावाकडून कर्ज-ए-हसना, अशी जमवाजमव होते आणि व्यवहार रोखीने होतो. हप्त्यांची कटकट नाही हे खरे. पण गाडी फसकी निघाली तर दुसरी घ्यायला पैसाही उरलेला नसतो. म्हणून रक्कम साडेतीन-चार लाख असेल तर त्यातले चाळीस-पन्नास हजार बाजूला ठेवूनच बाजारात उतरावे. चार टायर आणि बॅटरी यांनाच वीस-पंचवीस हजार लागतात. शिवाय विमा, पहिली सर्व्हिस आणि नाव बदलण्याचा खर्च आहेच.

याच रकमेत एजंट दहा-बारा वर्षांची मोठी एसयूव्ही नाहीतर एखादी जर्मन सेदान दाखवतो. "सर, एके काळी बारा लाखांची गाडी आहे!" अगदी खरे आहे. पण तिचे सुटे भाग आजही बारा लाखांच्या गाडीचेच असतात. दिल्ली आणि भोवतालच्या भागात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंधाचे आदेश झाल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांच्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो. हा खर्च मिळवला की स्वस्ताई बरीचशी विरते.

चालवण्यातली मजा येते कुठून? ताकदीतून कमी आणि हलकेपणातून जास्त, असे आमचे मत. हलकी गाडी वळणावर पटकन वळते, ब्रेकला लवकर थांबते, तिला चढावर खेचायला मोठे इंजिन लागत नाही. मारुती स्विफ्टचेच पाहा. २०११ ते २०१७ मधल्या पेट्रोल स्विफ्टचे वजन ९६० किलोच्या आसपास. २०१८ साली आलेली त्यापुढची पिढी जवळपास ८७५ किलोची. इंजिन तेच १.२ लिटरचे. गिअर टाकला की गाडी पुढे झेपावते आणि अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली तरी अंग चोरून बाजूला होते. कमीपणा सांगायचा तर याच स्विफ्टला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत दोनच तारे मिळाले.

होंडाची ब्रिओ आता बंद झाली आहे, पण जुन्या बाजारात दिसते. तिचे चार सिलिंडरचे ८८ पीएसचे इंजिन इतक्या छोट्या गाडीला भरपूर आहे. गिअर तर असे पडतात की उगीच बदलत राहावेसे वाटते. मात्र डिकी १७५ लिटरची. सुट्टीला आजोळी जाताना दोन बॅगा ठेवल्या की संपली. दोन मुलांपर्यंतच्या घराला ठीक, अब्बा-अम्मी सोबत राहत असतील तर विचार करावा.

फोर्ड फिगो हा आमचा आवडता, पण थोडा जोखमीचा पर्याय. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, त्यामुळे लोक या गाडीला बिचकतात. तिचे स्टिअरिंग हातात घेतले की कळते, चाके कुठे आहेत ते. २०१५ नंतरचे १०० पीएसचे डिझेल मॉडेल कुंभार्ली घाट हसत चढते. तुमच्या तालुक्यात फोर्डचे काम जाणणारा मेकॅनिक असेल तरच घ्या. नसेल तर आपली स्विफ्ट बरी.

फोक्सवॅगन पोलो अंगाने मजबूत. पुढच्या दोन एअरबॅगसह तिला २०१४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत चार तारे होते. पण तिची साधी पेट्रोल मॉडेल चढावर सुस्त वाटतात आणि डीएसजी ऑटोमॅटिकची दुरुस्ती खिसा रिकामा करणारी. ग्रँड आय-टेन आरामशीर आहे, त्यापलीकडे तिच्याविषयी आम्हाला फारसे सांगण्यासारखे नाही.

वर्षाचाही विचार करा. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग बंधनकारक झाली. त्याआधीची घेणार असाल तर हीच गाडी या दोन्ही गोष्टींसह आहे का ते बघा. खालच्या मॉडेलमध्ये त्या अनेकदा नसत. संगीताचा पडदा नंतरही बसवता येतो, एबीएस नाही.

गाडी पाहायला सकाळी जा, आणि इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन तेल जाळते आहे. मग चालवून बघा, आणि जी व्यक्ती रोज चालवणार तिनेच चालवावी. तिच्या भावाने किंवा नवऱ्याने नव्हे. सरळ हायवेवर सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. म्हणून बाजारातून न्या, चढावर हँडब्रेक लावून थांबवा आणि पुन्हा निघा, खड्ड्यांच्या रस्त्यावर काच खाली करून खडखड ऐका, मोकळ्या जागी जोरात ब्रेक दाबा आणि गाडी एका बाजूला ओढते का बघा. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच संपत आला आहे. अर्धा तास चालवून डावा पाय किंवा पाठ दुखत असेल तर ती गाडी तुमची नव्हे, मग किंमत कितीही कमी असो.

"डॉक्टरांची गाडी आहे, एक हाती, फक्त बत्तीस हजार किलोमीटर!" जुन्या बाजारात विकायला येणाऱ्या गाड्यांतल्या निम्म्या डॉक्टरांच्याच कशा, हे आम्हाला कोडेच आहे. मीटर मागे फिरवता येते, पण पेडलचे झिजलेले रबर आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग लपत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. गाडी २०१८ ची, मीटरवर पंचवीस हजार आणि टायर मात्र २०२२ चे, तर पहिले टायर इतक्यात कसे संपले ते विचारा.

कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात आणखी एक भीती आहे, ती पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरातली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. पण वायरिंगमध्ये शिरलेले पाणी दोन-तीन वर्षांनी डोके वर काढते, तेही बहुधा रात्री, भर पावसात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात वाळू, हेडलाइटच्या आत धुरकटपणा, या खुणा शोधा. आणि गाडीत शिरताच अत्तराच्या दुकानात आल्यासारखे वाटले तर सावध व्हा. कुबट वास दाबायला हा उपाय सर्रास होतो.

कागदपत्रांत आम्ही नात्यागोत्याचा मुलाहिजा ठेवत नाही. "आपलाच माणूस आहे, नाव नंतर करू" या वाक्याने कित्येक घरांत भांडणे लावली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, गाडी विकली असली तरी आरसीवर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणून नाव बदलणे विकणाऱ्याच्याही हिताचे. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी घ्या. गाडीवर कर्ज होते असे आरसीवर दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. चेसिस नंबर स्वतः वाकून वाचा आणि आरसीशी ताडून पाहा. थकलेली ई-चलाने गाडीचा नंबर टाकून मोबाइलवरच कळतात. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांत द्यायचा असतो. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस मात्र त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल. पेट्रोल गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. बारा वर्षांची गाडी घेतली तर तीनच वर्षांत फिटनेस तपासणी आणि नूतनीकरण करावे लागेल, ते किमतीत धरा.

सौदा ठरला की काचेवरचा जुना फास्टॅग काढायला सांगा आणि दुसरी चावी मागून घ्या. हरवली म्हणाले, तर नवी चावी बनवण्याचे पैसे तिथेच किमतीतून वजा करा.