माठाचे ओले फडके

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरतो. त्यामुळे मोमिनपुऱ्यातल्या जुन्या घरांत प्रत्येक ऋतूची सहेरी वेगळी. २०१८ आणि २०१९ साली तो मे महिन्यात सुरू झाला होता. नागपूरचा मे आणि चौदा तासांहून मोठा रोजा! तेव्हा घरात दादीचा शब्द चालायचा. सहेरीला लोणचे-पापड बंद, दहीभात खायचा. माठाला ओले फडके. असरच्या नमाजनंतर सब्जा भिजवायचा. इफ्तारला पहिला घोट बर्फाचा नाही, माठाचाच.

आता रमजान मृग बहराच्या संत्र्यांत येतो. साली फेकायच्या नाहीत, गच्चीवर वाळवून ईदच्या उटण्यात कुटायच्या. उरलेल्या पोळ्यांचा गूळ-तूप घालून मलिदा. शेजारच्या काकूंकडे त्याचाच पोळीचा लाडू होतो. इफ्तारचे ताट रिकामे परत पाठवायचे नाही, हे मात्र दोन्ही घरांत सारखेच.

मेमधला रमजान पुन्हा येईल २०५०च्या सुमारास. दादी तेव्हा नसतील. फडके दिवसातून कितीदा भिजवायचे, हे आजच्या सुनांनाच कुणीतरी विचारेल.