व्हिश्नियाक, वुल्फ

(२२ एप्रिल १९२२ – १० डिसेंबर १९७३). अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. अंटार्क्टिकातील शुष्क मृदेमधील सूक्ष्मजीवांचे संशोधन आणि परग्रहांवरील जीव शोधणाऱ्या उपकरणाची निर्मिती यांकरिता प्रसिद्ध. त्यांचा जन्म बर्लिन येथे झाला. प्रसिद्ध छायाचित्रकार रोमन व्हिश्नियाक हे त्यांचे वडील. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे ज्यू कुटुंब अमेरिकेस आले. ब्रुकलिन कॉलेजात शिक्षण घेतल्यावर वुल्फ यांनी १९४९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची पीएच्.डी. पदवी मिळविली. पुढे येल विद्यापीठात व १९६१ पासून रॉचेस्टर विद्यापीठात ते अध्यापक होते. प्रकाशसंश्लेषण आणि गंधकाच्या संयुगांचे ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळविणारे जंतू हे त्यांच्या आरंभीच्या संशोधनाचे विषय होत.

१९५९ मध्ये नासाच्या अनुदानातून त्यांनी मंगळावरील सूक्ष्मजीव शोधण्याचे उपकरण तयार करण्यास प्रारंभ केला. त्यांच्या नावावरून ते ‘वुल्फ ट्रॅप’ (वुल्फचा सापळा) म्हणून ओळखले जाऊ लागले. मृदेचा नमुना पोषक द्रवात घ्यावयाचा व सूक्ष्मजीवांची वाढ होऊन द्रव गढूळ होतो किंवा त्याची अम्लता बदलते की काय ते पाहावयाचे, असे त्याचे तत्त्व होते. व्हायकिंग यानांसाठी त्याची निवड झाली होती. परंतु वाढत्या खर्चामुळे १९७२ मध्ये ते वगळण्यात आले. मंगळासारख्या शुष्क ग्रहावरील जीवांना जलीय माध्यम मानवणार नाही, असाही आक्षेप त्यावर होता.

याच सुमारास अंटार्क्टिकातील मॅकमर्डो शुष्क दऱ्यांविषयी वाद सुरू होता. तेथील वार्षिक सरासरी तापमान सु. -१५° ते -३०° से. असून हिमवृष्टी अत्यल्प असते. म्हणून या दऱ्या पृथ्वीवरील मंगळसदृश प्रदेश मानल्या जातात. तेथील काही मृदानमुन्यांत जंतू वाढत नाहीत, असे नॉर्मन हॉरोविट्झ व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. ही मृदा खरोखरच निर्जीव असेल, तर मंगळावर जीव आढळण्याची आशा फारच क्षीण होती. प्रयोगशाळेतील संवर्धनात वाढ न होणे म्हणजे जीव नसणे नव्हे, असे व्हिश्नियाक यांचे मत होते. अल्प अन्न व तीव्र थंडी यांना सरावलेले जीव समृद्ध माध्यमात व उबदार तापमानात वाढतीलच असे नाही. म्हणून त्यांनी निर्जंतुक काचपट्ट्या प्रत्यक्ष तेथील मृदेतच पुरून ठेवल्या. काही काळाने त्या काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या असता त्यांवर सूक्ष्मजीवांची वाढ आढळली.

१० डिसेंबर १९७३ रोजी ॲसगार्ड पर्वतरांगेतील माउंट बॉल्डरच्या परिसरात पुरून ठेवलेले नमुने आणण्यासाठी ते एकटेच गेले असता बर्फावरून घसरून दरीत कोसळले व मृत्यू पावले.

त्यांनी आणलेल्या मृदेतून त्यांच्या पत्नी, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हेलन व्हिश्नियाक यांनी यीस्टची एक नवी जाती वेगळी केली. १९७९ मध्ये तिला ‘क्रिप्टोकॉकस व्हिश्नियाकी’ हे नाव मिळाले. इम्रे फ्रीडमन यांच्यासाठी त्यांनी गोळा केलेल्या खडकांत, पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरांवर, नील-हरित शैवलांचे थर आढळले. ही माहिती १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांना मात्र तेथे जीवांचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही.

व्हिश्नियाक यांचा निष्कर्ष सर्वत्र लागू पडतो असे नाही. याच प्रदेशातील उंचावरील युनिव्हर्सिटी व्हॅलीतील गोठलेल्या मृदेत सक्रिय जीवनाची खूण सापडली नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि ‘आढळले नाही’ आणि ‘अस्तित्वात नाही’ यांत भेद करावयाचा, तर शोधाची पद्धतीही तपासावी लागते, ही त्यांची भूमिका या क्षेत्रात मूलभूत ठरली आहे. मंगळावरील एका विवरास त्यांचे नाव देण्यात आले आहे.