जोखमीचे बाळंतपण : डॉक्टर बदलावा की नाही?



या पानावर आपण एरवी बी-बियाणे, खते आणि फवारणी यांविषयी बोलतो. आजचा विषय घरातला आहे. ढोकी परिसरात पीक-बैठका घेताना शेतीचे बोलणे संपले की एखादे वडीलधारे गृहस्थ बाजूला घेऊन विचारतात, "साहेब, सूनबाईला सातवा लागलाय. बाई म्हणतात केस जोखमीची हाय. पाव्हणे म्हणतात डॉक्टर बदला. काय करावं?" मी शेतीखात्यातला माणूस. औषधोपचार सांगणे माझे काम नव्हे. पण निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा, एवढे आपण मिळून पाहू शकतो.

जोखीम कशाला म्हणतात?

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर असणे, अंगात रक्त फार कमी असणे, शुगर, जुळे, आधीचे सिझर, वार खाली असणे, मूल आडवे किंवा पायाळू असणे, निगेटिव्ह रक्तगट, वय १८ च्या आत किंवा ३५ च्या पुढे असणे, उंची फार कमी असणे, ही जोखमीची नेहमीची कारणे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्त कमी समजतात आणि ७ च्या खाली गेले की परिस्थिती गंभीर होते. "केस जोखमीची आहे" याचा अर्थ वाईटच होणार असा नाही. जास्त लक्ष हवे आणि बाळंतपणाची जागा आधी ठरवायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा जोखीम सांगणाऱ्या डॉक्टरवर रागावून दुसरीकडे जाऊ नये. ज्याने वेळेत सांगितले, त्याने आपले कामच केले.

डॉक्टर पाहावा की जागा?

पाहुण्यांचा सल्ला बहुधा माणसापाशी थांबतो. अमक्याच्या हाताला गुण आहे, तमका सिझरच करतो. हाताचा गुण नाकारायचे कारण नाही. पण जोखमीच्या बाळंतपणात पहिला प्रश्न असा विचारावा की, रात्री दोन वाजता तिथे काय मिळेल? शस्त्रक्रियेची सोय आहे का? भूलतज्ज्ञ येईपर्यंत किती वेळ लागेल? रक्त कुठून आणि किती वेळात येईल? कमी दिवसांच्या बाळासाठी काचेची पेटी आणि बालरोगतज्ज्ञ आहेत का? हे चार प्रश्न सध्याच्या डॉक्टरांनाच सरळ विचारावेत. जाणकार डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत. "हे आमच्याकडे होण्यासारखे नाही, तुम्ही मोठ्या ठिकाणी जा," असे ते स्वतः म्हणाले, तर तो कमीपणा समजू नये. त्यांचे ऐकावे.

ढोकी लातूर-बार्शी रस्त्यावरचे गाव. आपल्याला एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला धाराशिव आणि बार्शी. लातूरला आणि धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. घरापासून कुठे किती वेळात पोहोचतो, रात्री गाडी कोणाची आणि पावसाळ्यात ओढा आडवा येतो का, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

बदलावा केव्हा, बदलू नये केव्हा?

वरच्या चार सोयी नसतील आणि जोखीम मोठी असेल, तर बदलावा. त्रास सांगूनही रक्तदाब मोजला जात नसेल, तपासण्या होत नसतील, विचारलेल्याचे उत्तरच मिळत नसेल, तरीही बदलावा. बाईला डॉक्टरांपुढे आपले दुखणे सांगण्याची भीती वाटत असेल, तर तेही पुरेसे कारण आहे.

पण सिझर सांगितले म्हणून, गोळ्या वाढवल्या म्हणून किंवा दवाखान्यात भरती व्हा म्हटले म्हणून लगेच बदलू नये. आधी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. दुसरे मत घेणे म्हणजे डॉक्टर सोडणे नव्हे. दोघांचे मत जुळले तर मन निश्चिंत होते. न जुळले तर दोघांनाही कारण विचारावे. शिवाय पोटात मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्याच्या शोधात डॉक्टर बदलणे हा तर १९९४ च्या कायद्याने गुन्हाच आहे. त्या वाटेला जाऊच नये.

खर्चाची अडचण असेल तर सरकारी सोय माहीत असू द्यावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झाले. त्यात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची मोफत तपासणी होते. जोखीम आढळल्यास कार्डावर लाल स्टिकर लावतात. दुसरे मत घ्यायला हा दिवस चांगला. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि वाहन मोफत आहे. एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात हलवावे लागले, तरी ते वाहनही त्यात येते.

माहेरचे बाळंतपण

आपल्याकडे डॉक्टर सर्वांत जास्त वेळा बदलतो तो रीतीने. सातव्यात डोहाळजेवण होते, लेक माहेरी येते आणि तिथला डॉक्टर धरला जातो. याला कोणी डॉक्टर बदलणे म्हणत नाही, म्हणून विचारही होत नाही. समजा, सासर लातूरकडचे, माहेर ढोकीजवळच्या वस्तीवर. पहिले बाळंतपण सिझरने झालेले, रक्तगट निगेटिव्ह. निगेटिव्ह गटाच्या मातेला २८ व्या आठवड्याच्या सुमारास एक इंजेक्शन द्यावे लागते. सासरचे डॉक्टर समजतात माहेरी देतील, माहेरचे समजतात दिले असेल. इंजेक्शन राहून जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. जोखमीच्या लेकीला माहेरी आणायचे की नाही, हे व्याह्या-विहिणींनी मानापमान बाजूला ठेवून ठरवावे. सासरजवळ चांगली सोय असेल, तर आईनेच चार महिने तिकडे जाऊन राहावे. त्यात कमीपणा कसला?

ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींचेही असेच होते. टोळी दुसऱ्या जिल्ह्यात गेली की दवाखाना बदलतोच. कार्ड कोपीत जपून ठेवावे आणि पोहोचल्याच्या आठवड्यात तिथल्या आशाताईंना दाखवावे.

बदलायचे ठरले तर

पहिली गोष्ट, उशीर नको. सातव्या महिन्याच्या आत ठरवले, तर नव्या डॉक्टरांना माता समजून घ्यायला वेळ मिळतो. त्यानंतर जोखीम कळली, तर त्याच आठवड्यात हालचाल करावी.

दुसरी, कागद. माता व बाल संरक्षण कार्ड, रक्ताचे सगळे अहवाल, सगळ्या सोनोग्राफी, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि आधीच्या बाळंतपणाचे डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवावे. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी विशेष जपावी, कारण दिवसांचा हिशेब तिच्यावरून नीट लागतो. आधीचे सिझर असेल तर गर्भाशयावरचा छेद कसा होता, हे पोटावरच्या व्रणावरून कळत नाही. ते डिस्चार्ज कार्डावरून किंवा शस्त्रक्रियेच्या नोंदीवरून कळते. कागद मागायला संकोच नको. रुग्णाला नोंदींच्या प्रती मिळायला हव्यात, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ सालचा नियम आहे.

तिसरी, गोळ्या. रक्तदाबाच्या किंवा शुगरच्या गोळ्या नवे डॉक्टर सांगेपर्यंत बंद करू नयेत. दोन डॉक्टरांच्या गोळ्या एकत्रही घेऊ नयेत. एका पंपात दोन औषधे विचारल्याशिवाय मिसळायची नाहीत, हे आपण शेतात पाळतोच.

चौथी, पैसा. कितीची तयारी ठेवावी आणि अनामत किती, हे आधीच विचारून घ्यावे. २०२५ च्या मार्चअखेर पुण्यात जुळी पोटात असलेल्या, सातव्या महिन्यातील एका मातेला ऐनवेळी एका रुग्णालयातून दुसरीकडे न्यावे लागले. दहा लाखांची अनामत मागितल्याची तक्रार घरच्यांनी केली. पुढे जुळ्या मुली जन्मल्या, पण आई गेली. शासनाने चौकशीही केली. इतकी मोठी रुग्णालये असलेल्या शहरात ऐनवेळची धावपळ अशी जिवावर बेतू शकते, तर आपण खेड्यातल्या माणसांनी जागा आणि पैसा किती आधी ठरवायला हवा, याचा विचार करा.

ऐनवेळी डॉक्टर शोधू नये

अंगावरून रक्त जाणे, फार डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, झटके, पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल कमी होणे यांपैकी काही झाले, तर कोण चांगला ही चर्चा थांबवावी. १०८ ला फोन करावा. जवळच्या दवाखान्यात पहिला उपचार घेऊन, त्यांनी लिहिलेली चिठ्ठी घेऊन पुढे जावे. पुढच्या रुग्णालयाला फोन करायला त्यांनाच सांगावे.

शेवटी, ज्या बाईचा जीव पणाला लागलेला असतो, तिला आपण सगळ्यांत शेवटी विचारतो. हा क्रम बदलायला हवा. सासऱ्यांनी गाडीचे पाहावे, नवऱ्याने कागद आणि रक्तदात्यांचे पाहावे, सासूबाईंनी आणि आईने सोबतीचे ठरवावे. पण डॉक्टर बदलण्याच्या बोलण्यात सूनबाईला, लेकीला समोर बसवावे आणि तिचे पहिल्यांदा ऐकावे. घरात गरोदर बाई असेल तर आज संध्याकाळीच तिचे कार्ड काढून पाहा. त्यावर लाल स्टिकर असेल, तर येत्या ९ तारखेपर्यंत थांबायचे की उद्याच डॉक्टरांकडे जायचे, हे आशाताईंना विचारून आजच ठरवा.