शेवळाची भाजी आणि दूरचं बेट

पावसाची पहिली सर आली की आमच्या कात्रपमध्ये रस्त्याच्या कडेला आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात. जुडीबरोबर मूठभर काकडंही देतात. शेवळाची खाज मारायला काकडाचं आंबट फळ हवंच! शेवळं जमिनीतून उगवतात, काकडं रानातल्या झाडावर लागतात.

या दोघांची माती मूळची ज्वालामुखीची. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि आपला काळा दगड तयार झाला. भूगर्भातला तोच तप्त झोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. तिथेही काळा कातळ, धो धो पाऊस नि सदाहरित जंगल! ते २०१० मध्ये जागतिक वारसा ठरलं, आपला पश्चिम घाट २०१२ मध्ये.

दोघांचं दुखणंही सारखंच. शोभेसाठी आणलेली घाणेरी तिथेही माजली, इथेही. तिच्या जाळीखाली देशी रोपांना ऊनच मिळत नाही. रान असं आटलं, तर भाजीवालीची पावसाळ्यातली कमाई जाते आणि आपल्या ताटातली चवही.

सोसायटीत झाड लावायचं म्हटलं की सगळ्यांना गुलमोहर आठवतो. तो देखणा खरा, पण मूळचा मादागास्करचा. यंदा रोपवाटिकेत काकड, पळस, मोह मागून बघा. आणि भाजी घेताना त्या मावशींना ‘हे झाड कुठलं, कसं ओळखायचं?’ एवढं जरूर विचारा. ही विद्या त्यांच्याकडेच आहे, ती आपल्या लेकींपर्यंत पोचायला हवी.